तीस बाटल्या तुझ्या, तीस माझ्या

मागच्या वर्षीच्या गवाईचं आधी सांगून टाकतो, म्हणजे यंदाचं कळेल.

आमचं लांबघर बावीस दारांचं. एका छपराखाली बावीस घरं आणि सगळ्यांच्या पुढून एकच लांबलचक ओसरी. गवाईला, म्हणजे भात घरात आल्यावरच्या सणाला, पाहुणे पहिल्या दारापासून सुरुवात करतात आणि दारोदार थांबत बावीसपर्यंत जातात. जे पोचतात ते. कारण प्रत्येक दारात त्या घरची तुआक प्यावी लागते. घरी लावलेली भाताची दारू. नाही म्हणायचं नसतं.

आमचं दार नववं.

मागच्या वर्षी नवव्या दारात लोकांनी एक घोट घेतला, कसनुसं हसले, 'छान, छान' म्हणाले आणि उरलेली हळूच ओसरीच्या फळ्यांच्या फटीतून खाली सोडली. लांबघर खांबांवर उभं, त्यामुळे खाली आमच्याच कोंबड्या होत्या. त्यासुद्धा बाजूला सरकल्या.

बाकीच्यांनी निदान लपवून ओतली. दहाव्या दारातली इंदाई सेनाबोंग, तिने नाही लपवली. माझ्या आईच्या डोळ्यांत बघत, सावकाश, धार लावून ओतली. मग रिकामा पेला परत दिला आणि म्हणाली, "इंदाई अंचाई, यंदा हात थकलेला दिसतोय गं तुझा."

इंदाई म्हणजे आई, आणि अंचाई म्हणजे मी. आमच्यात थोरल्या पोराच्या नावाने आईला हाक मारतात. त्यामुळे आईची फजिती झाली की ती माझ्या नावाने होते.

अपाईने, माझ्या बापाने, इमानदारीत घरची तुआक सगळ्यांसमोर चार पेले प्यायली. दुसऱ्या दिवशी तो संडासातून बाहेरच आला नाही. म्हणजे इमानदारीचा पण फायदा झाला नाही.

पुढे वर्षभरात लांबघरात दोन लग्नं झाली. आधी लग्नाची तुआक लावायला माझ्या आईलाच बोलवायचे. या दोन्ही वेळी इंदाई सेनाबोंगला बोलावलं. माझ्या आईला कांदा चिरायला बसवलं. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं तर कोण विचारणार.

हे मला डाचत होतं. खरं सांगतो, खूप डाचत होतं.

मी बेतोंग शहरात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे. तिथे भाड्याच्या खोलीत मी व्हिडिओ बघून बघून बिअर करायला शिकलो. कोणी शिकवलं नाही. पहिल्या बिअरला भिजलेल्या कुत्र्याचा वास आला. दुसरीच्या तीन बाटल्या कपाटात फुटल्या, माझा एकुलता एक चांगला शर्ट गेला. मग कळलं की माझं सगळं ठीक होतं, बाटल्या सोडून. बाटली नुसती स्वच्छ दिसून भागत नाही. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे किडे बसलेले असतात, ते मारावे लागतात. त्यासाठी एक औषध मिळतं. पाच लिटर पाण्यात एक टोपण. बादलीभर फेस होतो. बाटली त्यात बुडवायची, उपडी करायची, आणि मुख्य म्हणजे नंतर धुवायची नाही. फेस राहिला तर राहू द्यायचा. तसाच भरायचा माल. तिसरी बिअर अशी केली. दुकानमालकाने दोन बाटल्या मागून नेल्या. तो चहाचा कप पण कोणाकडून मागत नाही.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आईचा हात थकलेला नाही. तिच्या बाटल्या खराब आहेत!

तिच्या बाटल्या म्हणजे सोया सॉसच्या, संत्र्याच्या सरबताच्या, कोणाच्या तरी लग्नातल्या व्हिस्कीच्या. ती त्या गरम पाण्याने घासते, उन्हात वाळवते, इथपर्यंत झकास. मग भरण्याआधी 'धूळ जावी' म्हणून नळाखाली खळबळून घेते. आमच्या नळाचं पाणी डोंगरावरच्या ओढ्यातून पाइपने येतं. पाऊस पडला की चहाच्या रंगाचं येतं. एकदा त्यातून बेडकाचं पिल्लू आलं होतं, जिवंत, आणि आमच्याकडे बघून परत नळात जायला बघत होतं.

मे महिन्यात सुट्टी काढून, बॅगेत औषधाची बाटली घेऊन मी घरी गेलो.

भात शिजवून, खमिराच्या वड्या कुटून मिसळून, साखरपाणी घालून झालं होतं. माठात तुआक तयार होती. इंदाईने मला चमचाभर दिली. एक नंबर झाली होती. मधासारखी, आणि मागून हळूच कानशिलं तापवणारी.

"हीच मागच्या वर्षी पण होती," ती म्हणाली. "बाटलीत जाईपर्यंत अशीच होती."

"तेच तर सांगतोय मी! इंदाई, बाटलीतच गडबड आहे. त्यात किडे असतात. ते तुआक खातात आणि तिला आं—"

तिने माझ्या तोंडावर फडका मारला. ओला.

चूक माझीच. तुआक लावल्यापासून ती पाहुण्यांच्या घशाखाली उतरेपर्यंत घरात आंबट काही चालत नाही. लिंबू नाही, चिंच नाही, कैरी नाही, व्हिनेगर नाही. आणि तो शब्दही नाही. तुआक ऐकते म्हणे, आणि तशी होते. आता लिहिताना म्हणतोय कारण माठ रिकामा आहे. गेल्या महिन्यात अपाईने कामाच्या गावाहून, बिंतुलूहून, फोन करून "इकडे आंबे फार आं—" एवढंच म्हटलं होतं, तर इंदाईने फोन कापला आणि दोन दिवस उचलला नाही.

"त्या चवीची होते," मी म्हणालो. "किड्यांमुळे त्या चवीची होते."

"माझ्या आईच्या वेळी नव्हते किडे?"

"होते. तिला दिसले नाहीत."

"तुला दिसले?"

"नाही, पण—"

"मग झालं तर."

पण ती थांबली. हात पुसत बसली. दहाव्या दाराकडे एकदा बघितलं. तिकडे इंदाई सेनाबोंग कोणाला तरी मोठ्याने सांगत होती की यंदा तिने दोन माठ लावलेत, कारण 'नवव्या दारातून तहानलेले लोक येतात.'

"दाखव तुझं औषध," इंदाई म्हणाली.

मी बादली भरली. एक टोपण टाकलं, हात फिरवला. फेस असा वर आला की मांजर पळालं. इंदाई खूश झाली. फेस आला की बायका खूश होतात, साबण चांगला असतो म्हणतात. हे मी नाही म्हणत, ती म्हणाली.

मग तिने बोट बुडवलं आणि चाटलं.

माझी आई सगळं चाटून बघते. मीठ, खत, बॅटरी पण. मी थांबवायच्या आत तिने जिभेवर फेस घेतला आणि तिचा चेहरा हळूहळू आवळत गेला. डोळे बारीक झाले. ओठ आत गेले. तिने माझ्याकडे बघितलं, माठाकडे बघितलं, परत माझ्याकडे.

"अकाय!" ती म्हणाली. "अंचाई! हे... हे तर... त्या चवीचं आहे!"

आता खरं सांगायचं तर, आहे. आम्लच आहे ते. आम्लामुळेच किडे मरतात. पण हे त्या शब्दाशिवाय समजावणं किती अवघड आहे ते एकदा करून बघा.

"इंदाई, ती चव थोडीशीच आहे. ती चव बाहेरून लावली की आतून ती चव येत नाही."

"माझ्या माठासमोर उभा राहून तू ती चव ती चव करतोयस!"

"तूच केलीस आधी!"

"मी चाटली. तू आणलीस. पिशवीत घालून, बसमधून, माझ्या घरात! शत्रू पण असं करत नाही रे. सेनाबोंगच्या आईने पाठवलं का तुला?"

बादली तिने उचलून बाहेर नेली, माठावर माझ्या लहानपणीची चादर टाकली, आणि जेवायला भात वाढला तो पाठ करून. अर्धा दिवस अबोला. मी पण चिडलो होतो. मी कशासाठी सुट्टी काढून आलो होतो?

शेवटी दुपारी तहाचं बोलणं झालं. तह तिनेच आणला. म्हणाली, "साठ बाटल्या आहेत. तीस तुझ्या, तीस माझ्या. तुझ्या तू तुझ्या त्या पाण्यात बुडव. माझ्यांना हात लावायचा नाही. गवाईला बघू."

"बघू."

"आणि तुझ्या त्या कोपऱ्यात. माझ्यांपासून लांब."

तिने तिच्या तीस गळ्यांना लाल दोरा बांधला. मी माझ्या तीस गळ्यांना निळी चिकटपट्टी लावली. माझ्या बुडवल्या, उपड्या ठेवल्या. तिने तिच्या गरम पाण्याने घासल्या, नळाखाली खळबळल्या आणि मागच्या उघड्या माचीवर उन्हात मांडल्या. सैन्यं समोरासमोर.

आता इथे मी लबाडी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतावर गेली. मी माचीवर बसून तिच्या तीस बाटल्यांकडे बघत होतो. ऊन पडलं होतं, लाल दोरे चमकत होते. आणि मला दिसत होतं काय होणार. माझ्या तीस चांगल्या निघणार आणि तिच्या तीस जाणार. मी जिंकणार. मग पाहुण्यांना काय सांगणार, निळी पट्टी बघून प्या? लोक म्हणणार, बघा, पोराची चांगली आणि आईची ती तशीच. हात थकलाच आहे. तिला आयुष्यभर कांदा चिरायला बसवणार.

मला माझं औषध खरं ठरवायचं होतं. पण एवढं पण नाही.

मी बादली भरली आणि तिच्या तीसच्या तीस बाटल्या फेसात बुडवल्या. लाल दोरे काढून, परत बांधून. गाठी तिच्यासारख्या जमेनात, तर तीनतीनदा बांधल्या. पुन्हा होत्या तशा ओळीत मांडल्या. सोया सॉसवाल्या डावीकडे, व्हिस्की उजवीकडे. मग हात धुतले आणि साळसूदपणे माचीच्या टोकाला जाऊन बसलो. तिथे मोबाईलला रेंजची एक काडी येते, ती पण उजवा हात वर धरला तर. तासभर बसलो असेन.

दुपारी आम्ही तुआक गाळून भरली. ती गाळत होती, मी नरसाळं धरत होतो. आधी निळ्या, मग लाल. लालपैकी पहिली बाटली भरताना ती जरा थांबली. बाटलीचं तोंड ओठांशी नेलं, फडक्याने पुसल्यासारखं केलं, घसा खाकरला. मला वाटलं देवाला काहीतरी म्हणतेय. मग भरायला लागली.

टोपणं थोडी सैल ठेवली, वायू निघून जायला. पुढे तीन आठवडे मी बेतोंगहून रोज फोन करायचो.

"कशा आहेत?"

"कोण?"

"बाटल्या, इंदाई."

"आहेत. बसल्यात. तू जेवलास का?"

एवढंच.

गवाईच्या दिवशी सकाळी, पाहुणे नदीवरून वर यायच्या आधी, आम्ही तिघं आमच्या खोलीत दार लावून बसलो. अपाई बिंतुलूहून आला होता. चाखायचं काम त्याच्याकडे, कारण त्याच्या पोटाने आधीच एकदा बलिदान दिलं होतं.

पहिली निळी उघडली. त्याने घोट घेतला. पेला माझ्याकडे दिला.

मी प्यायलो.

व्हिनेगर. सरळ व्हिनेगर. डुकराचं मटण मुरवायला ठेवावं अशी.

दुसरी निळी. तीच गत. तिसरी. माझे कान गरम झाले. मी व्हिडिओ बघितले होते, टोपण मोजलं होतं, वेळ लावली होती. माझी बिअर तर मालकाने मागून नेली होती!

"आता लाल," इंदाई म्हणाली. आवाज एवढा बारीक की मला वाटलं घाबरली.

लाल उघडली. फस्स झालं. अपाईने घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग पेला पाठीमागे धरला, मला न देता.

"अगं," तो म्हणाला, "ही तर लग्नातली. आपल्या लग्नातली."

तीसही उघडून वास घेतला. तीसही तशाच.

म्हणजे औषध लावलेल्या सगळ्या साठमधल्या तीस गेल्या आणि तीस वाचल्या. हे मला कळेनाच. आणि बोलू कोणाला? बोललो तर लबाडी उघडी. मी गप्प बसलो. विचित्र म्हणजे इंदाई जिंकली होती आणि तीही गप्प होती. टोमणा नाही, काही नाही. उलट तिने बांबूत शिजवलेल्या कोंबडीची तंगडी माझ्या पानात टाकली. तंगडी आमच्या घरात अपाईची असते. अपाईने तंगडीकडे आणि मग आम्हा दोघांकडे बघितलं.

"काय केलंयत तुम्ही?" तो म्हणाला.

"जेव गं बाई गप्प," इंदाई त्याला म्हणाली. ती गडबडली की अपाईलापण बाई म्हणते.

पाहुणे आले. ढोल वाजले. पहिलं दार, दुसरं, तिसरं. प्रत्येक दारात आवाज वाढत होता. आठव्यापर्यंत एका म्हाताऱ्याने नाचायला सुरुवात केली होती आणि दोघांनी त्याला धरलं होतं, का तो त्या दोघांना धरून होता कळत नव्हतं.

नववं.

तिथे आवाज कमी झाला. मी खोटं सांगत नाही, कमी झाला. सगळ्यांना मागचं वर्ष आठवत होतं. इंदाई तबक घेऊन दारात उभी होती, चांदीचा मुकुट घालून, आणि मुकुटाची घुंगरं हळूहळू वाजत होती. ती जागची हलत नव्हती तरीही.

इंदाई सेनाबोंग पुढे आली. शेजारीण असून ती पाहुण्यांच्या घोळक्यात पहिली उभी होती, खास. पेला घेतला. पेल्यात बघितलं. मग खाली फळ्यांच्या फटीत बघितलं, सगळ्यांना दिसेल असं. कोणीतरी फिसकन हसलं.

मग ती प्यायली.

एक घोट. थांबली. परत पेल्यात बघितलं, जणू कोणीतरी मधेच बदलला. उरलेली सगळी एका दमात संपवली आणि पेला पुढे केला.

"अजून," ती म्हणाली.

ओसरीभर जो ओरडा झाला तो! मागचे पुढे ढकलायला लागले. तीस बाटल्या नवव्या दारातच संपल्या, दहाव्या दारातले दोन माठ वाट बघत राहिले. इंदाई ओतत होती आणि रडत होती आणि ओरडत होती, "हळू! हळू मेल्यांनो! फळ्या मोडतील!"

तिसऱ्या पेल्यानंतर इंदाई सेनाबोंगने माझ्या आईचा दंड धरला. "खरं सांग. काय केलंस? यंदा माचीवर मांडलेल्या त्या बाटल्यांना काय लावलंस?"

आजूबाजूचे सगळे कान टवकारून होते. माझं तोंड उघडलं. आत्ता म्हणायचं, औषध, माझं औषध, मी आणलं! इंदाईने माझ्याकडे न बघता आपली टाच माझ्या अंगठ्यावर ठेवली आणि दाबली.

"गरम पाणी," ती म्हणाली. "आणि ऊन. माझी आई करायची तसं."

मी तोंड मिटलं. अंगठा दुखत होता, पण मिटलं ते त्यासाठी नाही. तिचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा वर होता.

दुसऱ्या दिवशी लांबघर आडवं पडलं होतं. आम्ही दोघं माचीवर निळ्या बाटल्या रिकाम्या करत होतो.

"माझ्या कशा गेल्या ते कळत नाही," मी म्हणालो.

ती बाटली ओतत राहिली. मग म्हणाली, "मी धुतल्या."

"काय?"

"तू टोकाला बसला होतास ना, हात वर करून, माकडासारखा. मी शेतावरून लवकर आले. तुझ्या तीस बाटल्या त्या फेसासकट तिथे. मला बघवेना. पोराची पहिली तुआक, आणि ती त्या पाण्यात जाणार! घेतल्या नळाखाली, चांगल्या तीनतीनदा खळबळल्या. तुझ्यासाठीच केलं मी."

मी तिच्याकडे बघत राहिलो. नळाखाली. बेडकाच्या नळाखाली.

"इंदाई," मी म्हणालो, "मी पण तुझ्या—"

"माहितीये."

"काय माहितीये?"

"मी तोंड चाटलं पहिल्या बाटलीचं. भरायच्या आधी चाटतेच मी. आंबट!" हा शब्द तिने एवढ्या मोठ्याने म्हटला की तीन दारांपलीकडचं कुत्रं उठलं. "आंबट, आंबट, आंबट! अख्खा महिना तोंडात धरून बसलेय मी हा शब्द. तेव्हा बोलता येईना, माठ समोर. आणि बोलून सांगणार काय, तू माझ्या बाटल्या बुडवल्यास म्हणून? तू विचारलं असतंस, तू माझ्या कशाला धुतल्यास."

"तरी भरलीस?"

"भरली." तिने बाटली आपटून शेवटचा थेंब काढला. "म्हटलं, माझ्या पद्धतीने एकदा नाक कापून झालंय. आता पोराच्या हाताने कापू दे, बदल म्हणून."

आम्ही दोघं हसलो. मग मी म्हणालो, "पण काल तू खोटं बोललीस."

"कुठे? गरम पाणी नव्हतं? ऊन नव्हतं? बाकीचं तिने विचारलं नाही."

एवढ्यात फळ्या वाजल्या. इंदाई सेनाबोंग. डोळे लाल, केस विस्कटलेले, आणि पाठीमागे ओढत आणलेलं खणखणणारं पोतं. तिने ते आमच्यासमोर टाकलं. आत रिकाम्या बाटल्या.

"माझे दोन माठ आहेत तसेच पडलेत," ती म्हणाली, इकडेतिकडे बघत. "पुढच्या महिन्यात बाराव्या दारात लग्न आहे. त्यांना तुझीच लागणार आता, मला माहितीये. पण माझी ही तरी टिकायला हवी. तूच धू. तुझ्या हाताने. गरम पाणी, ऊन, काय असेल ते. मी नाही बघणार, तुझ्या आईची रीत आहे."

इंदाईने पोत्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मला वाटलं आता मागच्या वर्षीचं सगळं काढणार. मी तयारच होतो, मजा बघायला.

"ठेव," इंदाई म्हणाली. "चहा घेणार?"

"नको गं. चहाचं नाव पण काढू नकोस." आणि ती भिंतीला धरून परत गेली.

पोतं मधोमध पडून होतं. इंदाईने एक बाटली बाहेर काढली, उन्हात धरून बघितली, नाकाशी नेली.

"चिलीचा सॉस," ती म्हणाली. "शी." मग माझ्याकडे न बघता, "ते तुझं औषध किती उरलंय?"

"अर्धी बाटली."

"मोठा डबा मिळतो का?"

"मिळतो."

"मागव. पण पत्ता बेतोंगचा दे. इथे पार्सल आलं तर बावीस दारं उघडून बघतील."

मी माचीच्या टोकाला गेलो आणि उजवा हात वर धरला.